कोकणातून विमानाने जायचंय? अंतर, वेळ आणि घरातून निघायची वेळ कशी काढायची

मुंबई ते गोवा विमानाने किती वेळ लागतो? एक जण सांगेल पाऊण तास, दुसरा सांगेल सव्वा तास, आणि कुडाळचा कुणी म्हणेल अख्खा दिवस मोडतो. तिघंही खरंच सांगत असतात. पहिल्याने हवेतला वेळ सांगितला, दुसऱ्याने तिकिटावरचा, तिसऱ्याने घरचं दार ओढून घेतल्यापासूनचा. पहिल्यांदा विमानाने निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिला आकडा मनात धरून तिसऱ्याची तयारी करतो आणि मग धावपळ होते. म्हणून हे आकडे एकेक करून काढायला शिकू. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

पहिली पायरी: शहर नको, विमानतळ पक्का करा

विमान शहरातून सुटत नाही, विमानतळावरून सुटतं. हे बोलायला सोपं, पण तिकीट काढताना विसरायला त्याहून सोपं. गोव्यात दोन विमानतळ आहेत: वास्कोजवळचं जुनं दाबोळी, आणि ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेलं पेडणे तालुक्यातलं मोपा. तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’ आणि मोपासाठी ‘जीओएक्स’ ही तीन अक्षरं येतात. फरक एका अक्षराचा, पण रस्त्याने दोघांत साठेक किलोमीटर. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला, दोडामार्ग इथल्या लोकांना मोपा अगदी हाताशी आहे. दाबोळीचं तिकीट हातात पडलं तर मांडवी आणि झुआरी ओलांडून जावं लागतं.

मुंबईतही तीच कथा. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा कोड ‘बीओएम’, पण त्याची दोन टर्मिनल रस्त्याने चार-पाच किलोमीटर लांब: एक विलेपार्ल्याच्या बाजूला, दुसरं अंधेरीच्या सहार भागात. आंतरराष्ट्रीय विमानं सहारहून म्हणजे टर्मिनल दोनवरून जातात, देशांतर्गत मात्र दोन्हीकडून. त्यात आता नवी मुंबईचं ‘एनएमआय’ आलं आहे. सिंधुदुर्गात परुळे-चिपी इथला विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, त्याचा कोड ‘एसडीडब्ल्यू’. चिपीची सेवा सुरुवातीपासून सलग चाललेली नाही, मुंबईचं विमानही मध्ये बंद पडलं. त्यामुळे ‘चिपीहून जाऊ’ असं ठरवण्याआधी आपल्या तारखेला विमान आहे का ते पाहा, आणि मगच पाहुण्यांना कळवा.

दुसरी पायरी: अंतर काढा

विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची रेघ. इंटरनेटवर ते लगेच मिळतं, पण एकदा हाताने काढून पाहा. मग कुठलाही आकडा समोर आला की बरा की वाईट ते चटकन कळतं.

गूगलच्या नकाशावर विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. मुंबईचं साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. मोपाचं १५.७३ उत्तर, ७३.८६ पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, जगात कुठेही. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाता जाता आखूड होत जातो, आपल्या किनारपट्टीवर तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो. आता उत्तर-दक्षिण फरक ३.३६ अंश, म्हणजे ३७३ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ०.९९ अंश, म्हणजे १०५ किलोमीटर. पुढे शाळेतला पायथागोरस: दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर ३८८ किलोमीटरच्या आसपास येतं.

याच रीतीने मुंबई ते दाबोळी सुमारे ४२५ आणि मुंबई ते चिपी सुमारे ३५० किलोमीटर येतं. आता मुंबईहून सावंतवाडीला महामार्गाने जाताना किती होतात ते आठवा. पाचशेच्या घरात. वळणं, घाट, खाड्यांना घातलेले वळसे, सगळं त्यात आलं. कोकणात रस्त्याचं अंतर हवाई अंतराच्या सव्वा ते दीड पट धरायचं.

ही रीत हजार-दोन हजार किलोमीटरपर्यंत ठीक चालते, फक्त रेखांशाच्या अंशाची लांबी दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशाची घ्यायची. लंडन-अमेरिकेसाठी मात्र तयार आकडाच घ्या. तिथे पृथ्वीचा गोलपणा हिशेबात जोरात शिरतो आणि सपाट नकाशावर विमानाची वाट उत्तरेकडे धनुष्यासारखी वाकलेली दिसते. पायलट वाट चुकलेला नसतो, गोलावर तीच वाट जवळची असते.

एककांकडेही लक्ष ठेवा. मुंबई-दाबोळीचं अंतर एका ठिकाणी ४२५ दिसेल, दुसरीकडे २६४, तिसरीकडे २२९. पहिले किलोमीटर, दुसरे मैल, तिसरे सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. ट्रॉलरवर काम केलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. समुद्रात चालतं तेच माप आणि वेगासाठी तेच नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, विमानवाले वापरतात.

तिसरी पायरी: अंतरावरून वेळ

इथे नवखा माणूस हमखास फसतो. जेट विमान ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास उडतं हे वाचलेलं असतं. मग ४२५ भागिले ८५०, अर्धा तास! पण तिकिटावर सव्वा तास, कधी त्याहून जास्त लिहिलेला असतो.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं, पुन्हा सरपटणं, हे सगळं तिच्यात येतं. मुंबई-गोव्यासारख्या छोट्या पल्ल्यात विमान पुरतं वर जातं न जातं तोच उतरायला लागतं, त्यामुळे त्याचा पूर्ण वेग फार थोडा वेळ कामी येतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत, म्हणून वर्दळीच्या वेळी जमिनीवर रांग आणि आकाशात घिरट्या. कंपन्याही वेळापत्रकात थोडी सैल वेळ ठेवतात. म्हणून ‘वेळेआधी पोहोचलो’ अशी घोषणा झाली की फार हुरळून जाऊ नये.

माझा कामचलाऊ हिशेब असा: जेट असेल तर अंतराला ८०० ने भागा, मिनिटं करा आणि वर ४० मिनिटं टाका. मुंबई-दाबोळी: ३२ अधिक ४०, म्हणजे सव्वा तासाला थोडं कमी. मुंबई-दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर: ८५ अधिक ४०, दोन तास पाच मिनिटं. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर: १४५ अधिक ४०, तीन तास पाच मिनिटं. वेळापत्रकाशी ताडून पाहा, दहा-वीस मिनिटांचाच फरक निघेल. पंख्याचं छोटं विमान असेल, जसं एटीआर, तर ५०० ने भागा आणि अर्धा तास टाका. चिपीसारख्या विमानतळांवर अशीच विमानं येतात. मुंबई-चिपीला या रीतीने तास-सव्वा तास निघतो.

जाताना आणि येताना वेळ सारखा नसतो, हेही ध्यानात ठेवा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. दुबईला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर असतात. दुबईच्या फेरीत पंधरा मिनिटं ते अर्धा तास असा फरक पडतो, लंडनला जाता-येता तासाभराचा. ‘पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो’ असं गाडीत कुणीतरी हटकून सांगतं. तसं काही नाही, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

कधी वाट राजकारणामुळेही लांबते. २०१९ साली २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाली. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना त्याचा मोठा वळसा पडला. मुंबई आणि गोव्याहून आखातात जाणारी विमानं अरबी समुद्रावरून जात असल्याने त्यांना झळ कमी.

चौथी पायरी: दोन घड्याळं

“झील कितक्या वाजता पोचतलो?” असं आजी विचारते, तेव्हा तिला इथल्या घड्याळातली वेळ हवी असते. तिकिटावर मात्र सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावची लिहितात. दुबई, अबुधाबी, मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे. दोहा, कुवेत, बहारीन, रियाध अडीच तास मागे. सिंगापूर अडीच तास पुढे. लंडन एरवी साडेपाच तास मागे, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार.

समजा मुंबईहून सकाळी १०:१५ ला सुटून दुबईला १२:०० ला पोहोचायचं आहे. वरवर पाहता पावणेदोन तास, त्यात दीड मिळवा, खरा प्रवास सव्वातीन तासांचा. परतीला रात्री १०:०० ला सुटून मुंबईत पहाटे २:३५. वरवर साडेचार तासांवर पाच मिनिटं, त्यातून दीड वजा करा, खरे तीन तास पाच मिनिटं. पश्चिमेला जाताना मिळवायचा, तिकडून येताना वजा करायचा. आजीला सांगायची वेळ मात्र नेहमी आपल्या घड्याळाची.

पाचवी पायरी: तारीख दोनदा वाचा

वेळेपेक्षा तारखेने जास्त लोकांची विमानं चुकवली आहेत. आखातातली बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री साडेनऊला विमानतळाच्या दारात उभं राहायचं आहे, आणि कुडाळहून मुंबईला रात्रीच्या रेल्वेने जाणार असाल तर १३ च्या संध्याकाळी घर सोडायचं आहे. कॅलेंडरवर विमानाच्या दिवसाभोवती गोल करू नका. घरातून निघायच्या दिवसाभोवती करा. घरात लग्नकार्य किंवा गणपती असतील तर हा एक दिवसाचा फरक फार महागात पडतो.

इथेच तिकिटावरच्या दोन शब्दांविषयी. ‘नॉन-स्टॉप’ म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. ‘डायरेक्ट’ म्हणजे विमानाचा नंबर तोच, पण ते मध्ये उतरू शकतं. एकूण वेळेचा आकडा अंतराच्या मानाने अवाढव्य दिसला, जसं गोवा-दिल्लीला सात तास, तर मधल्या गावी ताटकळणं त्यात धरलेलं आहे असं समजा. दोन वेगळी तिकिटं काढून विमान बदलणार असाल तर मध्ये तीन-चार तास तरी ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही परत देत नाही.

सहावी पायरी: घर ते विमानतळ

आता मुद्द्याचं. आपल्याकडे विमानप्रवासाचा मोठा हिस्सा जमिनीवर होतो, त्यामुळे ‘जवळचं विमान’ निवडण्यापेक्षा ‘जवळचा विमानतळ’ निवडणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. कुडाळच्या माणसाला दुबईला जायचं आहे असं धरा. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, मोपा-दुबई वरच्या रीतीने काढलं तर सुमारे २,२००. नुसतं विमान पाहिलं तर मुंबई वीस मिनिटांनी जवळची.

आता घरापासून मोजा. मुंबईमार्गे: संध्याकाळी साडेसहाला घर सोडलं, रात्रभर रेल्वे, पहाटे ठाण्याला उतरून टर्मिनल दोन, १०:१५ चं विमान, दुबईत त्यांचे १२:००, म्हणजे आपले दीड वाजले. एकोणीस तास झाले. मोपामार्गे: दुपारी एकला घर सोडलं, दीड तासात विमानतळ, समजा ६:०० चं विमान, ३ तास २५ मिनिटं उड्डाण, म्हणजे आपल्या घड्याळात रात्री ९:२५ ला दुबई. साडेआठ तास. शिवाय रात्रीची झोप घरी झालेली. मुंबईचं भाडं बरेचदा कमी असतं हे खरं, पण रेल्वे, टॅक्सी आणि मोडलेला दिवस त्यात धरला की फरक किती उरतो ते स्वतः काढून पाहा. एक अडचण आहे: मोपाहून आखातात जाणारी विमानं मोजक्या शहरांना आणि ठरावीक वारीच असतात. तारीख पुढेमागे करायची तयारी असेल तरच हे जमतं.

उत्तर रत्नागिरी आणि रायगडची गणितं वेगळी. चिपळूण, खेड, महाड, माणगाव इथून पनवेलकडे जाणंच सरळ, आणि रेल्वेने पनवेलला उतरलं की नवी मुंबई विमानतळ जवळ पडतो. अलिबाग-पेणच्या माणसाने तर मुंबईत शिरण्याआधी नवी मुंबईचं वेळापत्रक पाहावं. सहारहून विमान असेल तर ठाणे किंवा दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत फिरू नका.

खरी पंचाईत रत्नागिरीकरांची. मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, मोपा दोनशेच्या पुढे. त्यांनी देशांतर्गत प्रवासासाठी कोल्हापूर जरूर पाहावं. आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर, आणि उजळाईवाडीचा विमानतळ लहान असल्याने आत-बाहेर पटकन होतं. हैदराबाद, बंगळूरला जाणाऱ्याला मुंबईचा उलटा फेरा कशाला? पावसाळ्यात मात्र घाटाची खात्री करून निघायचं.

आणि पावसाळा हाच आपल्या सगळ्या हिशेबाचा शत्रू. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि गाड्यांचा वेग कमी होतो. एरवी पावणेआठ तासांत मुंबईहून मडगाव गाठणारी वंदे भारत तेव्हा दहा तासांच्या आसपास घेते. दरड कोसळली तर तेही नाही. ढग खाली उतरले की लहान विमानतळावर विमान उतरत नाही, ते दुसरीकडे वळवतात किंवा सुटतच नाही. जून-जुलैत आंतरराष्ट्रीय विमान असेल तर मी मुंबईला आदल्या दिवशीच पोहोचायला सांगेन, नातेवाईक किती का कंटाळेनात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्या उतरत असतात आणि विसर्जनानंतर सगळे उलटे फिरतात. त्या दिवसांत महामार्गाच्या वेळेला कुठलंच सूत्र लागू नाही, रेल्वे धरा.

सातवी पायरी: उलटी मोजणी

विमानाची वेळ कागदावर खाली लिहा आणि वर वर चढत जा. विमानात चढायचं गेट विमान सुटण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बंद होतं. सामान घेणारा काउंटर देशांतर्गतला साधारण तासभर आधी बंद होतो, आंतरराष्ट्रीयला तास ते सव्वा तास. हे बंद होण्याचे आकडे आहेत, पोहोचण्याचे नव्हेत. पोहोचायचं देशांतर्गतला दोन तास, आंतरराष्ट्रीयला तीन तास आधी. त्याच्या वर रस्त्याचा वेळ, त्याच्या वर पंक्चर-फाटक-चहा यांचा वेळ. मोपासाठी मी अर्धा तास धरतो, मुंबईत रस्त्याने शिरायचं असेल तर दोन. जी वेळ वर उरली ती घर सोडायची. ती गाडीवाल्याला तोंडी सांगू नका, मोबाइलवर लिहून पाठवा, तारखेसकट.

परतीच्या वेळी गाडीवाल्याला विमान उतरण्याची वेळ सांगितली की तो बाहेर खोळंबतो आणि थांबण्याचे पैसे लावतो. देशांतर्गत विमानाला सामान मिळून बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास, परदेशातून आल्यास इमिग्रेशन आणि कस्टम धरून तास-सव्वा तास जातो, तेवढं मिळवून वेळ द्या. सोबत विमानाचा नंबरही द्या. तो टाकला की विमान खरंच सुटलं का, किती वाजता उतरेल, हे त्याला त्याच्या मोबाइलवर घरबसल्या दिसतं, आणि उशीर असेल तर तो बांद्याला जेवून निघतो.